खुडणीची तारीख

आमच्या घरात मद्याचा थेंब आजवर आलेला नाही. लहानपणी अशक्तपणावर वैद्यांनी दिलेले द्राक्षासव चमचाभर घेतले असेल, तेवढाच काय तो अपवाद. आणि तेही औषध म्हणून, नाक मुरडीत. वयाची सत्तरी गाठल्यावर हा नियम मोडावा असे माझ्या मनात नाही. तरीसुद्धा माझ्या हातून घडलेल्या एका जुन्या अपराधाची जाणीव मला एका मद्यानेच करून दिली, असे मी म्हटले तर वाचक हसतील. त्यांनी अवश्य हसावे. परंतु शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.

२०२२ च्या सप्टेंबर महिन्यात मी फ्रान्समधील दिजाँ शहरी लेकीकडे राहावयास गेलो होतो. ती तेथे संशोधन करते. दिजाँपासून दक्षिणेकडे सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा एक डोंगरउतार पसरत गेला आहे. त्याला ‘कोत द’ओर’ म्हणतात. बर्गंडी प्रांतातील जगप्रसिद्ध द्राक्षमळे ते हेच. प्रसिद्धी ऐकून मी काहीतरी भव्य पाहण्याची अपेक्षा बाळगली होती. प्रत्यक्षात दिसला तो एक साधा, पूर्वेकडे तोंड करून बसलेला उतार. माथ्यावर रान, पायथ्याशी सपाट शेते, आणि या दोहोंच्या मध्ये वेलींच्या आखीव रांगांची एक अरुंद पट्टी. तिची रुंदी कित्येक ठिकाणी किलोमीटरभरसुद्धा नाही. पण या एवढ्याशा पट्टीचे तेथील लोकांनी बाराशेंहून अधिक तुकडे कल्पिले आहेत, प्रत्येकाला नाव दिले आहे, आणि प्रत्येकाच्या मद्याची चव निराळी, असे ते शपथेवर सांगतात. या तुकड्यांना तेथे ‘क्लिमा’ म्हणतात. २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

आम्हा गोव्याच्या माणसांना याचे फारसे नवल वाटावयाचे कारण नाही. आमच्या कुळागरातही प्रत्येक मळीला नाव असते, आणि वरच्या मळीची सुपारी व खालच्या मळीची सुपारी जाणता माणूस वेगळी ओळखतो. तेथेही तसेच आहे. माथ्याची जमीन उथळ आणि खडकाळ; पायथ्याची जड आणि पाणी धरून ठेवणारी; मधली मात्र चुनखडीची, पाणी जिरू देणारी, आणि सकाळच्या उन्हाला सामोरी. उत्तम मद्य या मधल्या पट्टीचे. पावसाने माती धुपून खाली आली की पूर्वीचे मळेकरी ती टोपल्यांत भरून पाठीवरून पुन्हा वर नेऊन टाकीत. डोंगराने खाली सोडलेले माणसाने वर न्यावयाचे, असा हा शेकडो वर्षांचा व्यवहार.

या उतारावर तांबड्या मद्यासाठी मुख्यत्वे एकाच जातीचे द्राक्ष लावतात. त्याचे नाव ‘पिनो न्वार’. फ्रेंच भाषेत ‘पँ’ म्हणजे चीडवृक्ष आणि ‘न्वार’ म्हणजे काळा. चीडाच्या फळासारखा घट्ट, आटोपशीर, काळसर घोस म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. हे द्राक्ष मोठे नाजूक आणि तितकेच मानी. त्याची साल पातळ, म्हणून पाऊस लांबला की ते कुजते. त्याला पालवी लवकर फुटते, म्हणून एप्रिलमधल्या एखाद्या रात्रीचे दहिवर साऱ्या वर्षाचे पीक घेऊन जाते. अशा रात्री मळेकरी वेलींच्या रांगांतून शेकडो मोठ्या मेणबत्त्या पेटवून हवा उबदार ठेवू पाहतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये असे दिवे लावूनही पुष्कळांचे पीक हातचे गेले.

थंडीने त्याचे नुकसान होते, हे खरे. पण उष्णता त्याला त्याहून कमी मानवते. उष्ण प्रदेशात ते लवकर पिकते, साखर भराभर वाढते, आंबटपणा निघून जातो, आणि ज्या सुगंधासाठी जग त्याला डोक्यावर घेते तो सुगंध धरतच नाही. सावकाश पिकणे हाच त्याचा गुण. म्हणूनच ते थंड हवेच्या उंबरठ्यावर, पिकते न पिकते अशा जागी लावावयाचे. तेथील ड्यूक फिलिप याने १३९५ साली हुकूम काढून ‘गामे’ नावाची भरघोस पीक देणारी जात आपल्या राज्यातून उपटून टाकावयास लावली, ती पिनोच्या अभिमानाने. अधिक पिकते ते उत्तमच असते असे नाही, हे त्याला ठाऊक होते.

लेकीने मला एका रविवारी पेर्नां-व्हेर्जलेस नावाच्या गावी नेले. गाव डोंगराच्या कुशीत, चढणीवर वसलेले. तेथे तिच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांचा लहानसा मळा आहे. एक हेक्टरही भरणार नाही एवढा. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या काळापासून वडिलोपार्जित मिळकत सर्व मुलांत सारखी वाटली जाते. त्यामुळे या उतारावर वेलींच्या चार-सहा ओळींचेही मालक आढळतात. आमच्याकडील भाऊबंदकीची मला आठवण झाली आणि थोडे बरेही वाटले.

खुडणी संपत आली होती. गृहस्थांनी मागे राहिलेला एक घोस तोडून माझ्या हाती दिला. मणी अगदी लहान, करवंदाएवढे. साल दाताखाली किंचित तुरट, आत गोड रस, आणि दोन-तीन बिया. आमच्या बाजारात मिळणाऱ्या लांबट, बिनबियांच्या द्राक्षांपुढे हे दरिद्री वाटावे. एका वेलीमागे जेमतेम अर्धी किंवा एक बाटली मद्य निघते, असे ते म्हणाले. मळा लहान, पीक थोडे, काम सारे हाताने आणि मागणी साऱ्या जगाची. अशा बाटलीची किंमत ऐकून मी रुपयांत हिशोब करण्याचे सोडून दिले.

मग आम्ही त्यांच्या तळघरात उतरलो. ओलसर, थंड, अर्धा अंधार. ओकच्या लाकडाची पिंपे ओळीने निजलेली. तेथील पिंप म्हणजे २२८ लिटर, सुमारे तीनशे बाटल्या. त्यांनी एका पेल्यात थोडे मद्य ओतून मजपुढे धरले. मी हात जोडून, आपण घेत नाही, असे सांगितले. लेक संकोचली. गृहस्थ मात्र जराही रागावले नाहीत. वास तरी घ्या, असे त्यांनी खुणेने सुचविले. वास घेणे आमच्या नियमात बसते की नाही याचा मी क्षणभर विचार केला आणि पेला नाकाशी नेला.

रंग फिका, पारदर्शक, कोकमाच्या सरबतासारखा. आणि वास? आरंभी एखाद्या तांबड्या, आंबटगोड फळाचा. त्यामागून हळूहळू ओल्या मातीचा आणि कुजणाऱ्या पानांचा. डोळे मिटले तर मृगाच्या पहिल्या सरीनंतर कुळागरात उभा आहे असे वाटावे. घरापासून हजारो मैलांवर, परक्याच्या तळघरात, न पिण्याच्या वस्तूच्या वासाने माझे डोळे ओले झाले. पेला परत देताना मी काही बोललो नाही. बोलण्याइतकी फ्रेंच मला येत नाही, हेच बरे झाले.

वर आल्यावर गृहस्थ उताराकडे पाहत बराच वेळ बोलत राहिले. लेक ते मला मराठीत सांगत होती. त्यांच्या लहानपणी खुडणी बहुधा सप्टेंबर सरता सरता सुरू होई. एखाद्या वर्षी ऑक्टोबर उजाडे, आणि गारठलेल्या बोटांवर फुंकर घालीत घोस कापावे लागत. आता सप्टेंबरचा पहिला आठवडा आणि काम जवळजवळ संपलेले. २०२० साली तर पुष्कळांनी ऑगस्टातच कात्र्या हाती घेतल्या. पूर्वी फार थंड म्हणून जे मळे दुय्यम गणले जात, त्यांना आता भाव येऊ लागला आहे. नातवंडांनी येथे पिनोच लावावी की दुसरे काही, हे आपल्याला सांगता येत नाही, असे म्हणून ते थांबले. सातशे वर्षांपूर्वीपासून ज्या वेलीने या उताराला नाव दिले, ती येथून उठून जाईल की काय, हा त्यांचा प्रश्न होता.

परतीच्या वाटेवर मी लेकीला म्हटले, की म्हाताऱ्या माणसांना लहानपणचा पाऊसही मोठाच आठवतो, थंडीही मोठीच आठवते. यात स्मृतीचा भाग किती आणि सत्याचा किती? ती म्हणाली, “बाबा, त्यांच्या आठवणीवर विसंबायचे कारण नाही. तारखा लिहिलेल्या आहेत.”

आणि तिने मला जे सांगितले, त्याने त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या उताराच्या मध्यावर बोन नावाचे जुने, तटबंदीचे गाव आहे. तेथील खुडणीच्या तारखांची एक सलग माला तोमा लाबे या इतिहासकाराने आणि त्याच्या हवामानशास्त्रज्ञ सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केली. ती १३५४ पासून २०१८ पर्यंतची आहे. म्हणजे ६६४ वर्षांची. १३५४ साली आपल्याकडे ज्ञानदेवांच्या समाधीला साठ वर्षेही झाली नव्हती. उष्णतामापक यंत्र तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पण वसंत आणि उन्हाळा जितका उबदार, तितके द्राक्ष लवकर पिकते आणि तितकी खुडणी लवकर होते. खुडणीची तारीख कळली की त्या वर्षीची ऊब कळली. पॅरिसमध्ये १६५९ पासूनच्या तापमानाचा अंदाज उपलब्ध आहे. त्याच्याशी ही माला त्यांनी ताडून पाहिली.

तिचा निष्कर्ष असा, की १९८७ पर्यंत खुडणी सरासरीने २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होत असे. १९८८ पासून ती सरासरीने तेरा दिवस अलीकडे आली आहे. पूर्वीही विलक्षण उष्ण वर्षे येऊन गेली, परंतु ती अपवादाने. आता तोच नेम झाला आहे. पेर्नांच्या त्या वृद्धाची आठवण खोटी नव्हती.

माझी झोप उडाली ती मात्र या निष्कर्षाने नव्हे. या तारखा सापडल्या कोठे, हे ऐकून ती उडाली. नंतरच्या काळातील तारखा बोनच्या नगरसभेच्या दप्तरांतून आणि वृत्तपत्रांतून मिळाल्या. परंतु आरंभीच्या काळातील पुष्कळशा तारखा मिळाल्या त्या तेथील नोतर-दाम या चर्चच्या हिशोबाच्या वह्यांतून. चर्चच्या मालकीचे द्राक्षमळे होते. मळ्यांत खुडणीला मजूर लागत. मजुरांना मजुरी द्यावी लागे. आणि अमुक दिवशी खुडणाऱ्यांना इतके दिले, असे चर्चचा कारकून वहीत टिपून ठेवी. हवामानाचा इतिहास लिहावा असे त्याच्या मनातसुद्धा नव्हते. धर्मादायाचा पैसा कोठे गेला याचा जबाब देता यावा, एवढाच त्याचा हेतू.

दुसऱ्या दिवशी मी बोनला जाऊन ते चर्च पाहिले. जाड दगडी भिंती, आत शांत गारवा, कुमारी मेरीच्या चरित्राचे पाचशे वर्षांचे जुने विणलेले पडदे. एका बाकावर मी कितीतरी वेळ बसून राहिलो. बाहेर युद्धे झाली, साथी आल्या, अठराव्या शतकाच्या अखेरीस राज्यक्रांती झाली आणि चर्चच्या जमिनी जप्त होऊन लिलावात गेल्या. मळ्यांचे मालक बदलले, वह्या मात्र राहिल्या.

आता माझी गोष्ट सांगतो.

फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाचा मी महाजन. १९९४ साली मी तेथील समितीचा खजिनदार होतो. जत्रेपूर्वी अग्रशाळेची डागडुजी आणि रंगकाम काढले होते. माडीवरच्या खोलीत तीन मोठे लाकडी पेटारे होते आणि त्यांत देवस्थानाच्या जुन्या वह्या होत्या. मोडीत लिहिलेल्या, वाळवी लागलेल्या, दमटपणाने पाने चिकटलेल्या. खोली यात्रेकरूंसाठी मोकळी हवी होती. समितीच्या सभेत मीच सूचना मांडली: जुन्या वह्या वाचता येण्याजोग्या नसून निरुपयोगी झाल्या आहेत, सबब त्यांची विल्हेवाट लावावी. कोणी विरोध केला नाही. ठरावाखाली सही माझी.

दुसऱ्या दिवशी मागील बाजूस माडाच्या सुक्या झावळ्यांबरोबर त्या वह्या जाळल्या. त्या किती वर्षांच्या होत्या, पहिली कोणत्या शकाची आणि शेवटची कोणत्या, हे मी पाहिलेसुद्धा नाही. आमचे वृद्ध कारकून तेथे उभे होते. त्यांनी वाकून ढिगातून एक वही उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि मला म्हणाले, “ही वही हांव घरा व्हरतां. जाय तेन्ना मागात.” मी हसून मान हलविली. म्हाताऱ्याला रद्दीचा मोह, असे माझ्या मनात आले, हेही लपवीत नाही.

नोतर-दामच्या त्या बाकावर मला जे आठवले ते हे. आमच्या देवस्थानालाही बागायत होती. पोफळीवर चढणाऱ्या पाडेल्यांना मजुरी द्यावी लागे. पाऊस लांबला की देवाला अभिषेक आणि अनुष्ठान होई, आणि त्याचा खर्च लिहिला जाई. नव्याची कणसे देवाला कोणत्या तिथीला वाहिली, तेही लिहिले जाई. म्हणजे मृग केव्हा कोरडा गेला, भात केव्हा तयार झाले, सुपारी केव्हा पिकली, हे सारे त्या तीन पेटाऱ्यांत होते. ते लिहिणाऱ्यालाही आपण काय लिहून ठेवतो आहो हे ठाऊक नव्हते, आणि जाळणाऱ्यालाही आपण काय जाळतो आहो हे ठाऊक नव्हते. एवढेच, की लिहिणाऱ्याने आपले काम केले होते.

घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी कारकुनांच्या घरी गेलो. ते निवर्तले त्याला पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या मुलाने माझे येणे ऐकून काही विचारले नाही. आत जाऊन त्याने लाल फडक्यात बांधलेली वही आणली आणि म्हणाला, “कोणीतरी मागायला येईल, असे बाबांनी सांगून ठेवले होते.” वाळवी पुन्हा लागू नये म्हणून फडक्यात दर पावसाळ्यानंतर कडुनिंबाचा नवा पाला घातला जात होता. मी मागावयास अठ्ठावीस वर्षे लावली होती.

ती वही शके १८२४ ते १८३३ अशा दहा वर्षांची आहे. मोडी मला येत नव्हती. ती मी या वयात शिकलो. एका निवृत्त शिक्षकांच्या मदतीने रोज पान-अर्धे पान लावीत साऱ्या वहीचे वाचन पुरे व्हावयास सात महिने लागले. त्यात थोरांच्या कथा नाहीत. पाडेल्यांस मजुरी, समईचे तेल, वाजंत्र्यांचे वर्षासन, पालखीच्या दांड्याची दुरुस्ती. आणि एके ठिकाणी, ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या तारखेस: पर्जन्यार्थ अनुष्ठान, चार रुपये सहा टांगे. पुढच्याच ओळीत, तीन दिवसांनी, छपराची कौले परतविण्याची मजुरी. बहुधा पाऊस आला असावा.

तिथींवरून इंग्रजी तारखा काढण्याचे काम लेक करीत आहे. अधिक मासामुळे ते किचकट होते अशी मी तक्रार केली, तेव्हा ती म्हणाली की बोनच्या संशोधकांनाही सोपे गेले नव्हते. फ्रान्सने १५८२ साली पंचांग सुधारले तेव्हा दहा दिवस गाळले होते, आणि त्यापूर्वीची प्रत्येक तारीख काही दिवस पुढे ढकलून घ्यावी लागते. पण माझ्याप्रमाणेच तिलाही ठाऊक आहे, की दहा वर्षांच्या एका वहीने माला होत नाही. मालेतला एक मणी हाती आहे. सूत मी जाळले आहे. त्याची भरपाई कशानेही होणार नाही, आणि झाली असे मी मानूही नये.

गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत मी उभा राहून हे सारे महाजनांना सांगितले. १९९४ चा ठराव इतिवृत्तातून वाचून दाखविला. ‘निरुपयोगी’ हा शब्दही वाचला. सभा थोडा वेळ शांत होती. मग एका तरुण महाजनाने विचारले, आता लिहावयास काय हरकत आहे? हरकत काहीच नव्हती. तेव्हापासून देवस्थानाच्या रोजकीर्दीत एक जादा रकाना आखला आहे. पहिला पाऊस, नव्याची कणसे, सुपारीची पहिली पाडणी: तारीख आणि तिथी दोन्ही. लिहिण्याचे काम पुजाऱ्यांच्या मुलाकडे आहे. त्याचे अक्षर चांगले आहे.

महाजनहो, आपापल्या देवस्थानच्या अग्रशाळेत, माडीवर, एखाद्या अंधाऱ्या खोलीत असा पेटारा असेल. जत्रा जवळ आली म्हणजे ती खोली रिकामी करण्याची सूचना कोणीतरी मांडील. मांडणारा माझ्यासारखाच सज्जन आणि घाईत असलेला माणूस असेल. त्याच्यावर रागावू नका. सही होण्यापूर्वी पेटाऱ्यातील वरची एक वही उचलून तिच्यातला शक तेवढा वाचावयास सांगा.